शनिवार-रविवारच्या आठ गोळ्या

ट्रेमध्ये एक स्टेथोस्कोप, एक वही, एक पेन्सिल, सेकंदकाट्याचं एक घड्याळ, एक रिकामी वाटी आणि नऊ गोळ्या होत्या.

हव्या होत्या सतरा.

हे घडलेलं आहे. जिच्या घरी घडलं ती लुंबिनी रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहे, आणि तिने न मोजता काहीच सांगितलेलं नाही. गाझियाबाद, सातवा मजला, गेल्या जानेवारीतला सोमवार. सकाळचे सात वाजायला पाच मिनिटं. धुकं इतकं, की समोरचा टॉवर जणू नव्हताच.

तिच्या वडिलांच्या, भाऊरावांच्या हृदयाची लय बिघडलेली. त्यावर डिगॉक्सिनची गोळी. सोमवार ते शुक्रवार रोज एक, शनिवार-रविवार सुट्टी. कारण हे औषध अंगात साठत जातं, आणि जास्त झालं की त्याच हृदयाला थांबवू शकतं.

गोळीआधी ठोके मोजायचे. पूर्ण एक मिनिट. साठच्या खाली असतील तर गोळी नाही.

हा नियम आईचा. प्रभावतीबाई एकतीस वर्षं सरकारी इस्पितळात सिस्टर होत्या. अशा हृदयाचे काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून दोघींनी एकाच वेळी मोजायचं. लुंबिनी मनगटावर, आई छातीवर. वहीत दोन रकाने. स्टेथोस्कोपची चकती आई आधी मुठीत धरून गरम करायची.

आई नोव्हेंबरात गेली.

लुंबिनी एकटीच मनगट मोजू लागली. छातीचा रकाना रिकामा राहायला हवा होता...

राहिला नाही.

ती ऑफिसला निघेपर्यंत तिथे पेन्सिलीने आकडा आलेला असायचा. मनगटापेक्षा चार-पाच जास्त, असायला हवा तसाच. खाली दोन बारीक रेघा. आईची सवय.

बाबाच लिहीत असतील, असं तिने धरलं. विचारायचा धीर झाला नाही. एकदा चकतीला बोट लागलं...

गरम होती.

तेही तिने बाबांवरच ढकललं. आठवड्यागणिक आकडे उतरत होते, पण साठच्या वर होते. शनिवार-रविवारी मोजणी नसायची. आकडाही नसायचा.

त्या सोमवारी बाबांनी पोह्यांची बशी बाजूला सारली.

"खा ना बाबा. दोन घास."

"नको वाटतंय. आणि ही ट्यूबलाइट बदल बेटा, सगळं पिवळं दिसतंय."

ट्यूबलाइट पांढरीशुभ्र होती.

भूक नाही, पिवळं दिसणं... औषध साठल्याची लक्षणं. लुंबिनीने मनगट धरलं. पूर्ण मिनिट.

बावन्न.

मग तिने गोळ्या मोजल्या. आठ कमी. चार शनिवार, चार रविवार.

"बाबा, सुट्टीच्या दिवशीही गोळी घेता तुम्ही?"

भाऊराव स्वेटरच्या बटणाशी चाळा करत राहिले.

"गोळी काढून वाटीत ठेवली की ती येते," ते म्हणाले. "सातला. मोजते, जाते. गोळी नसली की येत नाही. दोन दिवस फार लांब होतात गं."

"जन्मभर लोकांना सांगत आलात, भूतबित काही नसतं म्हणून."

"नसतंच. भुतावर कुठे विश्वास आहे माझा? प्रभावतीवर आहे."

"मग नुसती ठेवायची. खायची कशाला?"

"ठेवून खाल्ली नाही तर फसवल्यासारखं होतं. चाळीस वर्षांत नाही फसवलं तिला."

वहीचं शेवटचं पान त्यांनीच उघडलं. आठ तारखा, फक्त छाती. ८१, ७७, ७५, ७१, ६८, ६७, ६३, ६१. प्रत्येकाखाली दोन रेघा.

बाबांचा हात थरथरतो. पेला धरला तरी पाणी सांडतं.

रेघा सरळ होत्या...

त्यांना तासाभरात दवाखान्यात नेलं. "आणखी एक-दोन गोळ्या गेल्या असत्या तर," एवढंच बोलून डॉक्टर थांबले. शुक्रवारी घरी सोडताना त्यांनी ती गोळी कायमची बंद केली.

लुंबिनीने उरलेल्या गोळ्या बाबांसमोरच कागदात गुंडाळून केमिस्टकडे देऊन टाकल्या.

"आता नाही यायची ती," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "चलो. तू तुझं काम केलंस."

त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसरा दिवस शनिवार. ट्रे लुंबिनीने आधीच उचलून ठेवला होता. घरात गोळी नव्हती, पलंगाशी वाटी नव्हती, वहीसुद्धा कपाटात. स्टेथोस्कोप पलंगापासून लांब, दारामागच्या खिळ्याला. हीटर बंद. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपलेले, दोन्ही हात रजईत.

सातला ती चहा ठेवायला उठली.

बाबांच्या स्वेटरचं वरचं बटण... उघडं होतं.

तिने खिळ्याकडे पाहिलं. हात पुढे केला आणि मागे घेतला. बोटावर तिचा भरवसा उरला नव्हता. कोविडच्या दिवसांत आणलेली, न शिवता तापमान दाखवणारी बंदूक कपाटात होती. ती आणली. प्रत्येक जागी तीनदा धरली.

ते आकडे तिने बाबांना अजून दाखवलेले नाहीत. रोज सकाळी ठरवते, आज सांगायचं. मग त्यांचा भिंतीकडे वळलेला चेहरा बघते आणि चहा ठेवायला जाते. त्या आठ गोळ्यांची गरजच नव्हती, हे त्यांना कसं सांगायचं, ते तिला कळत नाही.

ते आकडे लिहिलेला कागद तिच्या पर्समध्ये आहे. मला दाखवला.

शनिवार, सकाळी सात वाजून चार मिनिटं. भिंत, ११ अंश. खिळा, ११ अंश. चकती, ३४ अंश.