घोषणाबाईंचा आवाज कुणी नेला?

“मामा, असाल तसे या. हिचा आवाज चोरीला गेला!”

भाचीजावयाचा फोन आला तसे फौजदारमामा डाव्या पायात उजवी चप्पल घालूनच निघाले. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे तक्रारी यायच्या त्या हरवलेल्या मांजरांच्या. आवाजाची चोरी ही पहिलीच.

त्यांची भाची बसस्थानकावर घोषणा करायची. सगळे तिला घोषणाबाई म्हणत. तिने “मागे सरा” म्हटलं की माणसंच काय, भटकी कुत्रीही रांगेत मागे सरत. एकदा तर बंद पडलेली बस तिच्या नुसत्या धाकाने सुरू झाली, असं चालक अजून शपथेवर सांगतात.

पण गळ्यात गाठ निघाली. उद्या सकाळी शस्त्रक्रिया. मग आवाज कायमचा जाणार. म्हणून गळा धड होता तेव्हाच तिने शेकडो वाक्यं संगणकात बोलून ठेवली होती. त्यांवरून एक कंपनी तिच्याच आवाजात बोलणारं यंत्र करून देणार होती. आता गळ्यात नुसती खरखर उरलेली, आणि तीही वापरू नकोस, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

आज दुपारी पाहते, तर संगणकातली वाक्यं नाहीत. पेन ड्राइव्हवरची प्रतही नाही.

मामा पोचले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर पाटी. पाटीवर एकच शब्द: ‘वन्सं.’

नणंद दारात उभी. डोळे लाल. “मामा, हिने माझं नाव घेतलंय!”

“घरची किल्ली तुमच्याकडे असते?”

“असते. काल डबा ठेवून गेले. संगणकाला बोटही लावलं नाही.”

भाचीने पाटी पुसून खसाखसा लिहिलं: ‘पाहुण्यांपुढे माझी वाक्यं लावून कोण हसायचं?’

“हो, हसायचे! म्हणून काय आवाज चोरेन? मला काय तो गळ्यात घालून मिरवायचाय?”

“आणखी काय गेलं?” मामांनी विचारलं.

“काही नाही,” जावई म्हणाले. “फोटो, कागदपत्रं, सगळं जागच्या जागी आहे.”

“चोर मोठा चोखंदळ दिसतो. आणि ती प्रत कशी होती?”

“कंपनीने एक साधन दिलं होतं. सगळ्या वाक्यांचं एकच गाठोडं बांधायचं. क्लिक केलं की गाठोडं आपलं आपण सुटतं. आज हिने पेन ड्राइव्ह लावला, तर रिकामा!”

“संगणक नीट चालतो ना?”

“वाऱ्यासारखा!”

“पूर्वीपासून?”

“छे, पूर्वी चालू करून आंघोळ उरकून यावं.”

“मग एकाएकी त्याने काय खाल्लं?”

जावई चष्मा पुसू लागले.

मामा भाचीजवळ उकिडवे बसले. “पोरी, मूळ वाक्यं ठेवली होतीस कुठे?”

तिने एकदा नणंदेकडे पाहिलं आणि फक्त मामांना दिसेल असं लिहिलं. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. “अगदी आईवर गेलीस! माझी ताईसुद्धा गावाला जाताना दागिने कधी कपाटात ठेवायची नाही.”

मग ते पडद्यासमोर आले. कोपऱ्यात दोन चिमुकली चित्रं होती. एक ढाल, एक झाडू.

“हे दोघे कोण?”

“असतातच ते,” जावई घाईने म्हणाले.

“गेल्या आठवड्यात नव्हते,” नणंद म्हणाली.

“मग काढूनच टाकतो ना, ब्याद जाईल!” जावयांनी माउसवर झडप घातली. पडद्यावर प्रश्न आला: ढाल आणि तिच्या ताब्यातलं सगळं कायमचं काढून टाकायचं?

मामांनी मनगट धरलं. “हात वर, जावईबापू! तुरुंग पाडलात तर कैदी गाडला जाईल!”

मामांनी माउस स्वतःकडे ओढला.

“ऐका. माझी ताई दागिने राखेच्या डब्यात लपवायची. चोर कपाट फोडेल, राखेत हात घालणार नाही. हिने तेच केलं. वन्संनी हसू नये म्हणून वाक्यं ठेवली संगणकाच्या कचरापेटीत! कचऱ्यात कोण बघतो? माणूस बघत नाही. संगणक साफ करणारा हा झाडू बघतो. याने पेटी रिकामी केली, वर पुसूनही काढली. ते दागिने गेले, पोरी.”

भाचीने डोळे मिटले.

“झाडू एकटा आला नाही, मेहुण्याला घेऊन आला. ही ढाल, व्हायरस पकडणारी. आपलं आपण सुटणारं अनोळखी गाठोडं दिसलं की पहारेकऱ्याला दरोडेखोरच वाटणार. पेन ड्राइव्ह लावताक्षणी त्याने ते कोठडीत टाकलं. राहिला प्रश्न, या दोघांना घरात घेतलं कुणी?”

जावई खाली बसले. “पडद्यावर लाल अक्षरं आली, संगणक धोक्यात आहे म्हणून. मला वाटलं, हिचं काम अडायला नको. ‘होय, होय’ करत गेलो.”

“तो मूर्खपणा. माफ. पण आज तुमच्या लक्षात आलं होतं. तरी सख्ख्या बहिणीवर आळ येऊ दिलात. आणि पुरावा पुसताना बायकोचा आवाजही पुसायला निघालात!”

मामांनी ढालीची कोठडी उघडायला लावली. आत एकच कैदी. सोडायचा? सोडायचा. पडद्यावर एक चक्र फिरू लागलं. फिरतंय, फिरतंय, थांबायचं नाव नाही. नणंदेने पदर तोंडात धरला. भाचीने पाटी उराशी कवटाळली.

गाठोडं सुटलं.

“मागे सरा!” संगणकातून आवाज खणखणला, आणि चौघंही खरोखरच एक पाऊल मागे सरले.

घोषणाबाई रडली नाही. पाटी बाजूला ठेवून ती नणंदेसमोर जाऊन उभी राहिली. मामा “बोलू नकोस” म्हणेपर्यंत उशीर झाला होता.

“वन्सं,” ती खरखरली, “चुकले.”

नवरा जवळच उभा होता. त्याच्या वाट्याला शब्द आला नाही.