ढिगातली शेवटची कादंबरी

पिशवी काही केल्या वर येईना.

मी गॅलरीच्या कठड्यावरून वाकून दोरी ओढत होते आणि पिशवी जागची हलत नव्हती. कोलकात्यात आमच्या हातीबागानच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावरची माणसं भाजीसाठी जिने उतरत नाहीत. दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची, भाजीवाल्याने तिच्यात वांगी टाकली, की ओढून घ्यायची. मी मात्र त्या पिशवीतून कादंबऱ्या आणायचे. कारण दारात आई उभी असायची! ऑफिस सुटलं की कॉलेज स्ट्रीटच्या पुस्तकबाजारात जायचं, घेतलेली पुस्तकं खाली लोंबणाऱ्या पिशवीत सरकवायची, साळसूद चेहऱ्याने जिना चढायचा, आईला रिकामे हात दाखवायचे आणि थेट गॅलरी गाठायची. इतकी वर्षं सगळं बिनबोभाट चाललं होतं.

त्या दिवशी खाली पाहिलं, तर समोरच्या ओट्यावर एक मुलगा बसलेला. गळ्यात मफलर, एका हातात माझी पिशवी, दुसऱ्या हातात माझी कादंबरी. आणि गाढव चक्क वाचत होता!

"ओ दादा! सोडा ना पिशवी!" मी दबक्या आवाजात ओरडले.

(पहिल्याच वाक्यात तू मला दादा म्हणालीस, हे तो अजून ऐकवतो.)

त्याने मान वर केली नाही. नुसतं एक बोट वर केलं — थांबा. पान उलटलं. मग सावकाश वर पाहिलं... आणि हसला. हसताना त्याचा एक गाल जास्त वर जातो, हे मला तिसऱ्या मजल्यावरून दिसलं. दिसायला नको होतं.

"एवढं प्रकरण संपवू द्या. बाई नुकतीच घर सोडून निघाल्येय."

"ती माझी कादंबरी आहे!"

"मग मी काय खातोय का तिला? तुम्ही आजच वाचणार आहात?"

"...आज नाही."

"उद्या?"

काय सांगणार! माझ्या पलंगाशेजारी न वाचलेल्या कादंबऱ्यांचा ढीग खिडकीपर्यंत पोचला होता आणि खिडकीचं एक दार त्याच्यामुळे उघडतच नव्हतं, हे काय रस्त्यावरच्या माणसाला सांगायचं?

"तिन्नी, कुणाशी बोलतेस गं?" आतून आईचा आवाज आला.

"भाजीवाल्याशी!"

"फुलकोबी असली तर घे दोन."

"फुलकोबीऽऽ! ताजी फुलकोबीऽऽ!" खालून आरोळी आली. त्या आगाऊ मुलाने खरोखरच कोपऱ्यावरच्या गाडीवरून दोन फुलकोबी आणून पिशवीत टाकल्या, कादंबऱ्यांच्या डोक्यावर. आणि नेमकी आई बाहेर आली, माझ्या हातातून दोरी घेतली नि पिशवी स्वतः वर ओढली. "कसली जड गं ही फुलकोबी..." म्हणत तिने गड्डे बाजूला केले. पुढचं सांगत नाही. शेजारच्या घोषालकाकू गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या, एवढं सांगते.

शेवटी आईने निकाल दिला. "सरस्वती पूजेपर्यंत हा सगळा ढीग वाचून संपव. नाही संपला, तर पूजा आटोपली की पुस्तकं क्लबच्या वाचनालयात जातील. आणि या वर्षी पुस्तकमेळ्यात पाऊल टाकायचं नाही."

दुसऱ्या दिवशी तो दारात हजर. हातात खजुराच्या गुळाच्या संदेश-मिठाईचा पुडा, चेहऱ्यावर पश्चात्ताप... निदान एका गालावर तरी.

"काकीमा, चूक माझी आहे. मी समोरच्या नंदींचा भाचा. निरुपम."

"अरे, तू भोंबल ना? मृणालचा मुलगा? केवढा होतास!"

तो कानापर्यंत लाल झाला. मी पदरात तोंड लपवून हसून घेतलं. कागदोपत्री तुम्ही कितीही निरुपम असा, घरातल्यांनी एकदा भोंबल म्हटलं की जन्माचे भोंबल. सरस्वती पूजेच्या संध्याकाळी त्याला उत्तर बंगालात, डुआर्सला निघायचं होतं, चहाच्या मळ्यात नोकरी लागली होती. तोवर मामाकडे बसून माशा मारायच्या. "तर म्हटलं, ढिगातली अर्धी पुस्तकं मी वाचतो," तो आईला म्हणाला. "वाचून हिला गोष्ट सांगतो. ही मला तिच्या वाटणीची सांगेल. मग दोघांचंही सगळं वाचून होईल की नाही?"

"ही लबाडी आहे," मी म्हणाले.

"तू गप्प बस," आई म्हणाली. संदेश तिच्या तोंडात होता.

एकच नियम ठरला, शेवट सांगायचा नाही. शेवट हवा असेल, तर ज्याने त्याने स्वतः वाचायचा.

मग काय सांगू तो हिवाळा! रविवारी गच्चीवर उन्हात चटई टाकायची, मधे संत्र्यांची परडी, एका कडेला लोणच्याच्या बरण्या राखत बसलेली आई. बाकीच्या दिवशी मी ऑफिसातून आले की पिशवी खाली जायची नि तो वाचलेली कादंबरी वर पाठवायचा. खूण म्हणून पानांत संत्र्याची साल घालायची त्याला खोड होती. पुस्तक उघडलं की तो वास यायचा आणि माझं पहिलं पान दोनदा वाचून व्हायचं.

गोष्टी तर तो काय सांगायचा! नायिका रुसली की स्वतः रुसून दाखवायचा, खलनायक आला की माझ्या वाटणीचं संत्रं पळवायचा.

"मग तो तिच्या दारात जातो..."

"आणि?"

"आणि बेल वाजवत नाही. परत जातो."

"शी! असला कसला नायक?"

"घाबरतो गं बिचारा. तू असतीस तर दार उघडलं असतंस?"

"बेल वाजली असती तर."

तो संत्रं सोलता सोलता थांबला. माझ्याकडे बघितलं... आणि सगळी फोड शिरांसकट तोंडात कोंबली. मी मुकाट्याने पुढचं पुस्तक उचललं, तेही उलटं.

ढीग उतरत चालला. खिडकीचं दार एक दिवस उघडलं, समोर त्याच्या मामाची खिडकी होती नि तिच्यात तो. कादंबऱ्या संपत होत्या तशी मला धडकी भरत होती. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणखी घ्यायला हव्या होत्या! लपवण्यात अर्थ नाही, मी त्याच्या प्रेमात पडले होते. साफ, सपशेल. ऑफिसात विम्याचे दावे तपासताना लोकांच्या अपघातांचे अर्ज वाचून मी हसायचे, तेव्हा साहेबांनी एकदा तब्येत विचारली होती.

पण तो बोलेल तर शपथ! जगभरच्या नायकांची प्रेमं तो मला तोंडपाठ सांगायचा, स्वतःचं म्हणून एक अक्षर नाही. आणि पूजा झाली की हा जाणार. तिकडे गेल्यावर नवी माणसं, नवं घर... मी काय, हिवाळ्यातली एक गंमत म्हणून राहणार?

शेवटी ढिगात एकच उरली. हिरव्या पाठीची, उशीएवढी जाड. ही मात्र दोघांनी मिळून वाचायची ठरली. दिवसा तो, संध्याकाळी मी. तिचा नायक असा की अर्धं पुस्तक झालं तरी नायिकेच्या घरी नुसता चहा पितोय.

"आता तरी बोलला का रे तुझा हा ठोंब्या?" मी गॅलरीतून विचारायचे.

"चौथा कप चाललाय," खालून उत्तर.

एकदा पिशवीची दोरी धरून तो म्हणाला, "तिन्नी, हा गडी शेवटी बोलला ना, तर मीही तुला एक सांगणार आहे."

"काय?"

"आधी त्याला बोलू दे."

माझ्या हातून दोरी सुटली आणि कादंबरी त्याच्या डोक्यात पडली.

तेव्हापासून मी ती चिमूटचिमूट वाचू लागले. शेवट हवाही होता नि नकोही. नाहीच बोलला तो, तर? असं करता करता शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं. म्हटलं, पूजेच्या दिवशी पहाटे उठून वाचून टाकू, सूर्य वर यायच्या आत निकाल लागेल.

वसंत पंचमीला पहाटे हळद लावून अंघोळ केली, पिवळी साडी नेसले, उशीखाली हात घातला... कादंबरी गायब!

धावत देवघरात गेले. आईने सरस्वतीची मूर्ती मांडली होती आणि पायाशी घरातली सगळी पुस्तकं रचली होती. बाबांची जाडजूड कायद्याची, माझी खात्याच्या परीक्षेची, आणि सगळ्यांत खाली, हिरवी पाठ. वर पळसाची फुलं, दुधाने भरलेली दौत.

"आई! ती का ठेवलीस?"

"का म्हणजे? पुस्तक नाही का ते? आज वाचायचं नसतं हे आता तुला शिकवू? उद्या सकाळी दहीपोह्यांचा नैवेद्य झाला की घे."

उद्या! त्याची गाडी आज संध्याकाळी होती.

पुष्पांजली झाली. समोरची मंडळी आली होती, त्यात तोही होता, पिवळ्या झब्ब्यात. मंत्र म्हणताना माझं लक्ष देवीकडे नव्हतं, देवी सगळं जाणतेच. फुलं वाहून माणसं पांगली, बाबा गुरुजींना पोचवायला गेले, आई खिचडी ढवळायला स्वयंपाकघरात. मी इकडेतिकडे पाहिलं, मूर्तीसमोर गुडघे टेकले आणि हळूच हिरव्या पाठीला बोट लावलं.

"नापास होशील."

दारात तो उभा होता.

"होऊ दे," मी म्हणाले. "भोंबल, तू दाराशी लक्ष ठेव. मी फक्त शेवटचं पान बघते."

"मार्चमध्ये खात्याची परीक्षा आहे तुझी. देवीच्या पायाखालून पुस्तक काढतेस?"

"मग काय करू? तू आज जातोयस!" माझा आवाज चढला. डोळेही भरून आले, त्याचा मला रागच आला. "तूच म्हणालास ना, तो बोलला तर तूही बोलशील? आता त्याचं तोंड या एवढ्या कायद्याच्या पुस्तकांखाली दाबलं गेलंय!"

तो जवळ आला, माझ्याशेजारी गुडघे टेकून बसला. झब्ब्याचं बटण फिरवत राहिला.

"ते पुस्तक... काकीमांना मीच सांगितलं, पूजेला ठेवा म्हणून. काल तू ऑफिसात होतीस तेव्हा."

"तू?"

"मी वाचलाय शेवट. मागच्याच आठवड्यात. राहवलं नाही." तो खाली मान घालून म्हणाला. "तो बोलत नाही, तिन्नी. एवढे कप चहा पिऊन, पुस्तकाची एवढी पानं खाऊन, गाडीत बसतो नि जातो. तू ते वाचलं असतंस, तर म्हणाली असतीस, संपलं. आणि मीही... मीही त्याच्याच आडोशाला लपलो असतो. मला तुला ते वाचू द्यायचं नव्हतं. निदान मी बोलायच्या आधी."

"मग बोल ना!"

"बोलतोय. थांब." त्याने घसा खाकरला. "म्हणजे बघ, पहिल्या दिवशी... ती फुलकोबी... नाही, तसं नाही. समजा एक मुलगा आहे—"

"गोष्ट नको!"

"बरं." त्याच्या कपाळावर घाम, तोही माघात! सगळ्या नायकांचे संवाद तोंडपाठ असलेला हा माणूस, आणि स्वतःचं एक वाक्य जुळेना. मला त्याची इतकी दया आली, इतकं प्रेम आलं, की काय सांगू. शेवटी त्याने डोळे मिटले नि एका दमात म्हणून टाकलं, "मला तू हवी आहेस. तिथे तुझ्याशिवाय करमणार नाही. तू येशील का? लगेच नको, पण येशील का?"

मी ताडकन उठले. आजवर आईपासून चोरून पुस्तकं आणण्यात जन्म गेला माझा, पण ही एक गोष्ट मला क्षणभरही लपवता येईना.

"आई!" मी घर दणाणून टाकलं. "आई गं! भोंबल म्हणतोय, मी त्याला हवी आहे!"

आई डाव हातात घेऊनच आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग गुडघ्यांवर बसलेल्या, पांढऱ्याफटक पडलेल्या भोंबलकडे.

"मग त्यात ओरडण्यासारखं काय आहे? घोषालकाकू केव्हापासून मला विचारताहेत." तिने डावाने माझ्याकडे बोट दाखवल्यासारखं केलं. "तू काय म्हणालीस?"

मी तोंड उघडलं... आणि लक्षात आलं, मी त्याला काहीच म्हणाले नव्हते! तो बिचारा अजून डोळे मिटूनच बसला होता, परीक्षेचा निकाल ऐकायला बसतात तसा.

"उत्तर द्यायचं राहिलंच," मी पुटपुटले.

"माझी खिचडी खाली लागते आहे," आई म्हणाली आणि आत निघून गेली.

मी त्याच्यासमोर खाली बसले. बटणाशी चाळा करणारे त्याचे दोन्ही हात धरले, थंडगार पडले होते.

"येईन," मी म्हणाले. "डोळे उघड रे, ठोंब्या. येईन."