चार नंबरच्या बाळाचं वजन

हे ऐकीव नाही, पोरांनो. आमच्या साडूंच्या बाबतीत घडलंय, आणि साडू म्हणजे स्मशानात बसून डबा खाईल असा माणूस.

हॉस्पिटलात ते औषधं मिसळायचे. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना दूध पचत नाही. त्यांचं सगळं जेवण पिशवीतून थेंब थेंब शिरेत जातं. कुणाला किती, ते वजनावर ठरतं. रोज संध्याकाळी वॉर्डातून सिस्टर फोनवर बाळाच्या पेटीचा नंबर आणि वजन सांगायच्या आणि साडू पिशव्या भरायचे.

एकदा मापाचं भांडं विसळायचं निर्जंतुक पाणी संपलं. भरलेल्या बाटल्या दोन मजले खाली. साडूंनी कंटाळा केला, भांडं नळाखाली धरलं. एवढ्याशानं काय आभाळ कोसळतंय, म्हणाले.

तिसऱ्या दिवशी चार बाळं तापली. चौघांच्या रक्तात एकच जंतू. लॅबच्या मॅडम विचारत विचारत साडूंपर्यंत आल्या: भांडं कशानं धुता? निर्जंतुक पाण्यानं, साडू म्हणाले. नोकरीची भीती, दुसरं काय. मॅडमनी विश्वास ठेवला आणि सिस्टरांचे हात तपासायला गेल्या. पिशव्या त्याच भांड्यातून भरल्या जात राहिल्या, कारण नवं मागायचं तर कारण सांगावं लागलं असतं. साडूंना मन खात होतं, पण तोंड उघडेना.

सोमवारी चार नंबरचं बाळ गेलं. नऊशे ऐंशी ग्रॅमचं होतं.

मंगळवारी साडू रात्रपाळीला होते. दोन वाजून दहा मिनिटांनी औषधांच्या खोलीतला फोन वाजला. बाईचा आवाज, अगदी हळू.

"चार नंबर. एक हजार वीस."

"सिस्टर, चार नंबर तर..."

खट्कन फोन बंद.

चुकून आला असेल, साडूंनी मनाची समजूत घातली. बुधवारी पुन्हा. दोन दहा. "चार नंबर. एक हजार साठ."

गुरुवारी साडूंनी फोनची वायरच काढून ठेवली.

दोन दहा.

वाजला.

"चार नंबर. एक हजार शंभर... पिशवी अजून आली नाही."

जिना कसा चढले, साडूंना आठवत नाही. वॉर्डात एकटी सिस्टर, तीन नंबरच्या बाळाजवळ. मी फोन केलाच नाही, म्हणाली. चार नंबरची काचेची पेटी रिकामी. शेजारी वजनकाटा.

काट्यावर काही नव्हतं.

आकडा होता... एक हजार शंभर.

साडू सिस्टरकडे वळले. "सिस्टर, भांडं मी नळाखाली धुतलं. मी खोटं बोललो. मॅडमना उठवा, आत्ताच्या आत्ता."

पिशव्या त्याच रात्री बंद झाल्या. भांड्यात तोच जंतू सापडला. उरलेली तिघं वाचली. साडूंची नोकरी गेली. जायलाच हवी होती, असं ते स्वतःच सांगतात. मॅडमनी विचारलं तेव्हाच बोललो असतो तर, म्हणतात आणि रडतात.

काटा दुरुस्तीवाल्यानं दोनदा खोलला. बिघाड नाही. शेवटी वायर कापून अडगळीत टाकला.

याला आता अकरा वर्षं झाली. मागच्या महिन्यात ती अडगळ काढली, तेव्हा त्या सिस्टरनं साडूंना बोलावून घेतलं. बाळांचा काटा तो, दहा किलोच्या वर मोजतच नाही.

आकडा होता...

बत्तीस किलो.