आधी पेशंटशी बोला

माणसांच्या भेटी कुठे कुठे होतात, नेम नाही. लखनची आणि ममताची झाली ती एका पेशंटच्या मानेवरून.

मे संपत आलेला, धुळ्याचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. कम्युनिटी कॉलेजच्या पायऱ्यांशी ममता ॲडमिशनच्या कागदांची पिशवी छातीशी धरून उभी होती. आत जावं की आल्या पावली परत फिरावं, हेच तिचं ठरत नव्हतं. तेवढ्यात फाटकातून एक उंच, सावळा मुलगा आला. त्याच्या खांद्यावर चादरीत गुंडाळलेला माणूस होता. पाय लोंबकळत होते, आणि मान... मान तर पावलागणिक हेलकावे खात होती.

पिशवी तिथेच टाकून ममता धावली.

"अहो, मान धरा! माणसाला असं नेतात का कुणी?"

तो काही बोलायच्या आत तिनं मागून दोन्ही हातांनी ते डोकं अलगद उचलून धरलं. तो पायरी चढला की ती चढे, तो थांबला की ती थांबे. पहिल्या मजल्यापर्यंत दोघं अशीच गेली.

"श्वास चालू आहे ना यांचा?" तिनं धापा टाकत विचारलं.

"नाही," तो शांतपणे म्हणाला.

"नाही? आणि तुम्ही असे थंड?"

"अजून सुरूच झाला नाही... तर बंद कसा पडेल?"

चादर घसरली. आत गुलाबी, गुळगुळीत प्लास्टिकचा चेहरा! वर्गात शिकायला आणलेला पुतळा होता तो. ममताला वाटलं, जिना दुभंगावा आणि आपण आत जावं. पण तो मुलगा हसला नाही. म्हणजे हसला, पण नुसत्या डोळ्यांनी.

"टेम्पोवाल्यानं फाटकातच उतरवून दिला," तो म्हणाला. "पण एक सांगू? खरा माणूस असता ना, तर तुमच्यामुळे वाचला असता."

तोवर तिचे कागद अंगणभर उडाले होते. त्यानंच खाली जाऊन ते एक एक करून गोळा केले आणि तिच्या हातात दिले. आता परत फिरायचं तरी कुठल्या तोंडानं? ममतानं खिडकीशी जाऊन ॲडमिशन घेतली.

*

कोर्स होता रुग्णसहायकाचा. आजारी माणसाला उठवणं, बसवणं, भरवणं, न्हाऊ घालणं. कुणाला वाटेल, यात शिकायचं ते काय? ममतालाही तसंच वाटत होतं, आबा आजारी पडेपर्यंत.

आबा, म्हणजे तिचे वडील झुलाल आबा, एसटीत कंडक्टर होते. धुळे-साक्री रस्त्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले, ममताची आई गेली, आणि पाठोपाठ लकव्यानं त्यांची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही नेली. हलवलं तर दुखेल म्हणून ममतानं त्यांना आपलं सरळ निजवून ठेवलं, आणि माया करता करता, पडून पडून आबांच्या पाठीला जखम झाली. दवाखान्यातली नर्स रागावली तेव्हा पोरगी ढसाढसा रडली होती. ती जखम भरली, पण ममताच्या मनातून काही गेली नाही. म्हणून तर हे कॉलेज.

आबा बोलत नसले तरी गप्प मात्र नव्हते हं. डाव्या हातात त्यांचा जुना तिकिटाचा पंच असायचा. तो ते लोखंडी पलंगाच्या दांडीवर वाजवायचे. टण्, एकदा वाजलं की थांब, नको. टण्-टण्, दोनदा वाजलं की हो, चला. एसटीच्या घंटीचीच भाषा ती. वरणात मीठ कमी पडलं तरी टण्!

"तू जाय ना माय कॉलेजले," शेजारच्या भिकुबाई म्हणायच्या. "मी शे ना आठे. तुना बापले मी देखसू."

आबांना बघायला त्या होत्या, म्हणून त्यांच्या जिवावर ममता रोज दुपारी बाहेर पडायची.

वर्गाच्या लता सिस्टर करड्या शिस्तीच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "पेशंट म्हणजे गाठोडं नव्हे. त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायचं नाही. जे करायचं ते आधी त्याला सांगायचं, आणि त्याला विचारायचं. तो ऐकत नाही असं वाटलं, तरीसुद्धा. आधी पेशंटशी बोला."

मग पुतळ्याला नाव हवंच. पुतळा खांद्यावरून आणणारा तो मुलगा, लखन, याच वर्गात होता; त्यानंच ते ठेवलं... पितांबर नाना. साऱ्या वर्गानं ते उचललं.

कूस बदलायला दोन माणसं लागतात, पलंगाच्या दोन बाजूंना. मानेच्या त्या प्रकरणानंतर सिस्टरनी ममता-लखनची जोडी लावली ती वर्षभर मोडली नाही. बोलायचं ते पेशंटशीच, असा नियम. मग काय होणार? पितांबर नाना बिचारे मधल्यामध्ये सापडले.

"नाना, आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवतोय हं," लखन चादर धरून म्हणायचा. "आणि नाना, समोरच्या बाईंनी आज मोगरा माळलाय. तुम्हाला वास येतोय का?"

"नाना, त्यांना म्हणावं, लक्ष चादरीत ठेवा," ममता मान वर न करता म्हणायची. "नाहीतर तुम्ही फरशीवर जाल."

"नाना, लक्षच तर लागत नाही..."

"लखन! पेशंटशी बोल म्हटलं, गप्पा हाण नाही म्हटलं!" सिस्टर मागून ओरडायच्या, आणि सगळा वर्ग खुसखुसायचा.

वर्गातल्या बाकी मुली त्याला लखनभाऊ म्हणत. ममताही म्हणायची आधी. मग कधीतरी त्यातला भाऊ गळून पडला. कधी, ते तिलाही कळलं नाही. भिकुबाईंना मात्र बरोबर कळलं.

लखन साक्रीच्या पलीकडचा, डोंगरातल्या गावचा. तिथे रस्ता संपतो आणि पायवाट लागते. कुणी आजारी पडलं की बांबूला घोंगडी बांधून झोळी करायची आणि दोघांनी खांद्यावर घेऊन डोंगर उतरायचा. लखन आणि त्याचा थोरला भाऊ सुकलाल यांनी त्यांच्या आईला असंच उतरवलं होतं. खाली पोचले तोवर ती गेलेली होती.

"वाटेत ती काहीतरी बोलत होती," एकदा श्रावणाच्या भुरभुरीत बसची वाट बघताना त्यानं सांगितलं. "आम्ही दोघं वाटेवरून भांडत होतो, इकडून जाऊ का तिकडून. तिला काय पाहिजे, कोणी विचारलंच नाही. पाणी मागत असेल... नाहीतर थांबा म्हणत असेल."

ममतानं छत्री थोडी त्याच्या बाजूला सरकवली, आणि तिचा स्वतःचा खांदा भिजला. त्यानं ते पाहिलं. बस आली, आणि दोघांपैकी कुणीच हललं नाही. ती बस तशीच निघून गेली. आता यालाही प्रेम म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

*

दिवाळीनंतर भिकुबाईंचे गुडघे धरले. आबांची कूस बदलणं एकट्या ममताला झेपेना. लखननं ते वर्गात तिच्या उतरलेल्या तोंडावरूनच ओळखलं, आणि संध्याकाळी दारात हजर झाला.

आत आल्या आल्या तो आधी पलंगाशी बसला. "आबा, मी लखन. साक्रीकडचा. ममताच्या वर्गात शे. तुम्हाला वळवायला येऊ का रोज?"

आबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, एखाद्या विनातिकीट प्रवाशाकडे बघावं तसं. मग... टण्-टण्.

तेव्हापासून तो रोज यायचा. आबांना साक्रीच्या रस्त्याची खबर द्यायचा. कुठलं वडाचं झाड तोडलं, कुठल्या फाट्यावर नवीन हॉटेल झालं. आबांचे डोळे चमकायचे. आणि पलंगाच्या या बाजूनं ममता चादरीची टोकं आवळत त्याच्याकडे बघत राहायची. सुख सुख म्हणतात ते हेच असावं, असं तिला वाटायचं, आणि लगेच भीतीही वाटायची.

ती भीती फुकट नव्हती. परीक्षा झाली, दोघं पास झाली. लखनला साक्रीच्या एका दवाखान्यात नोकरी मिळाली. सिस्टरनी ममतालाही बोलावून घेतलं. "तिथे आणखी एक जागा आहे. बाईमाणूस हवंय त्यांना. जातेस?"

"नाही जमणार सिस्टर," ममता म्हणाली. घरी येताना मात्र तिला रस्ता धड दिसत नव्हता.

*

पदवीदानाचा दिवस उजाडला. आबांना समारंभाला न्यायचंच, असा लखनचा हट्ट. सकाळीच तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, चाकांची खुर्ची मागून घेऊन आला. आबांचे डोळे मिटलेले होते. दोघांनी दोन बाजूंनी चादर धरली.

"सिस्टर म्हणाल्या, तू साक्रीला नाही म्हणालीस," लखन हळू आवाजात म्हणाला. "मला एका शब्दानं सांगितलं नाहीस."

"काय सांगणार होते?"

"मी नोकरीचं विचारत नाही ममता. मी... लग्नाचं विचारतोय."

तिच्या हातातली चादर सैल पडली. वर्षभर वाट पाहिली होती या शब्दाची. आणि आता तो आला, तर छातीत नुसती कळ उठली.

"मी डोंगरातला म्हणून नको का?"

"तसं असतं तर तुला उंबऱ्याच्या आत घेतलं असतं का रे?" तिचा आवाज फुटला. "मला तू हवास. रोज हवास. पण हे बघ ना... आबांना सोडून मी कशी येऊ? त्यांना हे घर सोडवणार नाही. त्यांची सगळी मदार माझ्यावर. ते आहेत तोवर मला स्वतःचा विचारच करता यायचा नाही. तू जा. तुझं तुझं सुखात—"

टण्!

दोघंही दचकली. आबांचे डोळे टक्क उघडे होते. पंच दांडीवर टेकलेला होता. असला संतापलेला टण् ममतानं कधीच ऐकला नव्हता.

"आबा, तुम्ही जागे होतात?"

लखननं चादर खाली ठेवली. त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. "ममता, आपण काय केलं कळलं का? त्यांच्या डोक्यावरून बोलत होतो. मी एकदा केलंय हे, डोंगर उतरताना."

वर्षभर प्लास्टिकच्या नानांना विचारल्याशिवाय ममतानं त्यांची उशीसुद्धा हलवली नव्हती. आणि स्वतःच्या बापाचं मन तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं!

लखन पलंगाशी गुडघ्यावर बसला. "आबा, चुकलं. आता तुम्हालाच विचारतो. साक्रीत मला दोन खोल्या मिळताहेत, स्टँडच्या मागेच. खिडकीतून गाड्या दिसतात. ममतासाठीची जागा अजून रिकामीच आहे, म्हणजे दोघांना तिथे काम आहे. पाळ्या वेगवेगळ्या लावून घेऊ, म्हणजे कुणीतरी तुमच्याजवळ असेलच. तुम्ही याल का आमच्यासंगे? नाही म्हणालात तर मी इकडे काम बघेन. पण तुम्ही सांगा."

आबांनी पंच उचलला. पण पंच वाजेचना. आबा लखनकडे बघतच नव्हते. ते बघत होते तिच्याकडे, आणि पंचाचं टोकही तिच्याच दिशेनं वळलं होतं.

त्यांना काय पाहिजे ते तिला उमगलं. ती लखनच्या शेजारी खाली बसली. बापासमोर असलं बोलायचं म्हणजे... पण नियम म्हणजे नियम.

"आबा," ती म्हणाली, आणि डोळे वाहायलाच लागले. "मला लखन आवडतो. फार आवडतो. मला त्याच्याबरोबर राहायचंय, आणि तुम्हीही जवळ हवेत. तुमच्या नावावर मी नाही नाही म्हणत होते... तुम्हाला न विचारता. आता विचारते. साक्रीला जायचं का आपण?"

आबांच्या तोंडाची डावी बाजू हलली. ते हसू होतं. कितीतरी दिवसांनी आलेलं, अर्धं, वाकडं, पण हसूच. आणि मग त्यांनी मनगटात होता नव्हता तेवढा जोर काढून दांडीवर वाजवलं.

टण्-टण्!

ममतानं त्यांच्या हातावर डोकं टेकलं आणि मनसोक्त रडून घेतलं. हळूच लखननं आपला हात त्या दोघांच्या हातांवर ठेवला.

समारंभाला बाकी सगळे पुढे निघून गेले, आणि बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून थकला. दारातून भिकुबाई ओरडल्या, "अरे पोरेहो, बठ्ठा पुढे निंघी गयात! येतस ना?"

दोघं गडबडीनं उठली, डोळे पुसत आपापल्या बाजूला गेली आणि चादरीची टोकं धरली.

"आबा, आता तुम्हाला खुर्चीत बसवतोय," ममता म्हणाली. "चालेल ना?"

आबांना आता दम निघत नव्हता. गाडीला उशीर झालेला कुठल्या कंडक्टरला खपतो? त्यांनी तिचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही, आणि जोरात वाजवलं... टण्-टण्!