मऊ स्प्रिंग

पासष्ट सालची गोष्ट. तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत राजलक्ष्मीची वीणा नुकती सुरात आली होती, तोच दारात काहीतरी किंचाळलं. ती तणतणत बाहेर आली. उंबऱ्याला धडकलेली हातभर लांबीची लाल मोटार धूर ओकत होती, आणि वास... एरंडेलाचा!

"अय्यो! कोणास जुलाब दिलांत?"

समोर रेडिओचा डबा घेतलेला तरुण लाजला. शेजारच्या बाळकृष्णरावांचा मुलगा सेतुमाधव — मद्रासला इंजिनिअरिंग शिकून आलेला. "डब्याचं बटण दाबलं कीं दुरून चालते. इंजिन मामानं लंडनहून धाडलं. त्याच्या तेलांत एरंडेल लागतं. बाकी सगळं मीच केलं..."

"म्हणूनच असं ओरडतं!"

दुसऱ्या दिवशी तो धूर सोडायच्या पितळी नळ्या घेऊन हजर. तिनं डोळे मिटून ऐकलं. आखूड नळी किंचाळली, अरुंद नळीनं इंजिन गुदमरलं, लांबट नळी लावली तेव्हा मात्र मोटार गुणगुणली.

"हीच!" तिनं डोळे उघडले, तर तो नळीकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

मग तो रोज काहीबाही विचारायला येऊ लागला. विचारायचं तेवढं सोडून! तिला सगळं कळत होतं, आणि फार गोड वाटत होतं.

एका गुरुवारी त्यानं क्लचच्या स्प्रिंगा आणल्या. इंजिनानं वेग घेतला की क्लच चाकांना धरतो — मऊ स्प्रिंग असली तर लवकर, कडक असली तर उशिरा.

"मऊ लावा," ती म्हणाली.

"नको. पुरं बळ येऊं दे, मग धरावं."

"तोंवर मोटार जागींच?" ती पदराशी चाळा करत म्हणाली, "उद्यां तिरुचीचे लोक मला बघायला येतायत."

त्याचा हात थांबला. "नोकरी पक्की होऊं दे... मग तुझ्या अप्पांशी बोलतों."

"सेरि, बरं," ती म्हणाली. आजच बोला, असं ओरडावंसं वाटत होतं तिला. पण मुलीनं तरी किती बोलावं?

शुक्रवारी संध्याकाळी गुणगुण ऐकू आली. लाल मोटार अलगद उंबऱ्याशी थांबली. वर मरव्याची वेणी होती.

"मऊ स्प्रिंग लावली," सेतुमाधव धापा टाकत म्हणाला. "नोकरी नाही अजून... तरी अप्पांशी बोलायला आलों."

"कधीं लावली?"

"काल रात्रींच."

"मग सकाळीं कां नाही आलांत?"

"चालवून बघत होतों... नीट धरते कां ते."

राजलक्ष्मीला हसू आलं, आणि लगेच रडूही. ती आत गेली. दुपारी तिरुचीच्यांनी तिला पसंत केलं होतं, आणि अप्पांनी तिथल्या तिथं पान-सुपारीची ताटं बदलून लग्न पक्कं केलं होतं. त्यातलंच पान आणि सुपारी आणून तिनं मोटारीवर, त्या वेणीशेजारी ठेवली. वेणीला तिनं हात लावला नाही.

तो पानाकडे बघतच राहिला.

"शुभकार्य झालेल्या घरून कोणी रिकामं जाऊं नये," ती म्हणाली. "न्या."

त्यानं बटण दाबलं. मोटार जराही न अडखळता लगेच निघाली. तिनंच निवडलेली ती नळी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिली.