पाठीवरचं दुपारचं ऊन

चीन गाठायचा आणि तिथून मिळेल त्या गलबतानं आयर्लंडला परतायचं, एवढ्यासाठी ते तिघे सिडनीजवळच्या सरकारी शेतावरून पळाले होते. चीन उत्तरेला, डोंगर ओलांडले की आलाच, हे तिथल्या प्रत्येक आयरिश कैद्याला ठाऊक होतं. तिथं कुणी गेलेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी! डोनल कीव्हनीला चीनशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला साखळदंड घालून जहाजात चढवलं तेव्हा त्याच्या बायकोला, सोर्चाला, सातवा महिना होता. मुलगा झाला की मुलगी, जगलं की गेलं, दोन वर्षांत त्याला काही कळलं नव्हतं. तेवढं एक त्याला आतून पोखरत होतं.

वाट काढायचं काम गॅरेट नूनकडे होतं. त्याचा जन्म गावाकडच्या समुद्रावर मासे धरण्यात गेलेला. "भर दुपारी उन्हाकडे पाठ करायची आणि नाकासमोर चालायचं," तो म्हणाला. "माझा आज्जासुद्धा अशीच उत्तर दिशा काढायचा."

"तुझा आज्जा चीनला गेला होता का रे?" फेलिम स्कलीनं विचारलं. हा गावाकडे पोरांना शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत.

घळीतलं रान इतकं दाट होतं की सूर्य फक्त माथ्यावर आला की दिसे. तेवढ्यात ते पाठ फिरवून दिशा धरत आणि पुन्हा चालू लागत. चौथ्या दिवशी पीठ संपलं. सहाव्या दिवशी नदी आडवी आली. डोनल पुढे, मध्ये मास्तर, मागे गॅरेट. अचानक पाण्याचा लोंढा आला! मास्तरांचा पाय दोन खडकांत अडकला. डोनलनं बुडी मारली. खडक हलेना! त्यानं दोन्ही हातांनी पाय उपसून काढला, तेव्हा घोट्याचं हाड मोडलं होतं.

मास्तरांना आळीपाळीनं पाठीवर घेत ते नवव्या दिवशी एका उघड्या कड्यावर पोचले आणि तिथंच झोपले. पहाटे डोनलला थंडीनं जाग आली. तो नेहमीप्रमाणे पुढच्या वाटेकडे तोंड करून उभा राहिला, आणि सूर्य त्याच्या डाव्या हाताला उगवला.

"उत्तरेला तोंड केलं तर तो उजवीकडे उगवायला हवा," तो हळूच म्हणाला.

मास्तरांनी सूर्याकडे पाहिलं, मग पुढच्या वाटेकडे. "इथं, पृथ्वीच्या ह्या खालच्या अर्ध्या भागात, दुपारचा सूर्य उत्तरेत असतो, बाबांनो. आपण नऊ दिवस दक्षिणेला चालतोय."

घराच्या ओढीनं टाकलेलं एकेक पाऊल घरापासून लांब नेत होतं! डोनल मटकन खाली बसला आणि रडला.

"मग वळू या," गॅरेट म्हणाला. "शेताला वळसा घालून सरळ उत्तरेला. पण ह्यांना घेऊन नाही जमायचं."

"जा तुम्ही," मास्तर म्हणाले. "डोनल, तुझं लेकरू आहे तिकडे."

डोनल गेला. शंभरेक पावलं गेला. लेकरू त्याला पुढे ओढत होतं, आणि मागून मास्तरांचं कण्हणं ऐकू येत होतं. त्यांनी हाक मारून थांबवलं असतं, तर कदाचित तो हट्टानं पुढे गेलाही असता; पण त्यांनी हाक मारली नाही. तो परत फिरला. गॅरेट थांबला नाही, आणि पुढे तो कुणाला दिसलाही नाही.

मुळं, गोगलगाई, मिळेल ते खात डोनलनं मास्तरांना बारा दिवसांत पाठीवरून शेतावर आणलं. त्याला पन्नास फटके बसले. मास्तरांचा पाय अधू झाला, पण जीव वाचला.

पाठीच्या जखमा भरल्यावर एका रविवारी तो मास्तरांपाशी येऊन बसला.

"सोर्चाला लिहा, मास्तर. मी येत नाही म्हणावं. माझ्यासाठी थांबू नकोस."

मास्तरांनी लिहिलं. "आणखी काही?"

"लेकराला माझा आशीर्वाद."

"नाव काय घालू?"

"तिथं जागा मोकळी सोडा," डोनल म्हणाला. "वाचताना सोर्चा ती भरेल."