मधली जागा

"हात लावायचा नाही... पाटी दिसली नाही का?"

आवाज मागून आला. मी हात काढला नाही.

"पाटी वाचली. पण दारावरचा हा पोचा माझा आहे."

नेब्रास्कातल्या आमच्या गावात उन्हाळ्यातल्या शनिवारी संध्याकाळी मेन स्ट्रीटवर जुन्या गाड्या रांगेने लागतात. बॉनेट उघडं, मागे घडीची खुर्ची, खुर्चीत मालक. न विचारता कुणी बोट लावलं की मालकाच्या कपाळावर आठी. हा मालक मात्र उठून हसला.

"सायकल?"

"सायकल. आठ वर्षांची होते."

"रंगारी म्हणाला, ठोकून सपाट करू. मी म्हटलं, राहू दे... कुणाचा तरी असेल."

त्याचं नाव ऑरिन लिंडग्रेन. शेजारच्या गावात शेतातले पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. आणि ती सहासष्टची हिरवी पिकअप माझ्या बाबांची. आई गेली त्याच महिन्यात त्यांनी ती विकून टाकली होती. एवढी लांबलचक सीट, पण आई कधी खिडकीशी बसली नाही. कायम मधे, बाबांच्या खांद्याला खांदा लावून. आमच्याकडे पोरगी पिकअपमध्ये मधे बसली की गाव लग्नाची तारीखच विचारतं! आता बाबांची नजर जात चालली होती. बर्फ पडायच्या आत ती गाडी त्यांच्यासाठी परत आणायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"विकता का?"

"नाही."

"विचार तरी करा."

"करतो. पुढच्या शनिवारी या, सांगतो."

पुढच्या शनिवारी उत्तर 'नाही'च. त्याच्या पुढच्याही 'नाही'... पण माझ्यासाठी दुसरी खुर्ची, आणि लोणी लावलेलं मक्याचं कणीस. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. खोटं कशाला बोलू, चांगलं कळलं होतं.

चौथ्या शनिवारी तो खुशीत म्हणाला, "मार्लिस, सीट बदलतोय. दोन वेगळ्या, आरामशीर. गुरुवारी बसवणार."

कणीस हातातच राहिलं. "मग मधली जागा?"

"मधे बसतं कोण हल्ली?"

"आई बसायची," एवढंच म्हणाले आणि उठून घरी आले. रडायला काही झालं नव्हतं, तरी रडले.

गुरुवार उलटला. शनिवारी मी तरीही बाबांना घेऊन गेले. नाहीतर पुन्हा कधी?

बाबांनी दार चाचपलं. पोचा सापडला तसे हसले. मग खिडकीतून हात आत घातला... हात सरकत राहिला, सरकत राहिला. सीट सलग होती.

"मागवलेल्या परत पाठवल्या," ऑरिन माझ्याकडे न बघता म्हणाला. "मिस्टर व्लासेक, एक चक्कर मारायची?"

"चल, पोरा. मार्लिस, आधी तू चढ."

"बाबा, मी खिडकीशी..."

"माझ्या गुडघ्यांना जागा लागते. मधे बस!"

चढले. मेन स्ट्रीटवर अख्खं गाव खुर्च्या टाकून बसलेलं.

"गिअर टाकताना गुडघा जरा बाजूला घेशील?" ऑरिन हळूच म्हणाला.

"हिची आई कधी घ्यायची नाही," बाबा खिडकीबाहेर तोंड करून म्हणाले.

मक्याची शेतं गेली, धान्याची उंच कोठारं गेली. बाबा वारा तोंडावर घेत होते. घर आल्यावर उतरले, दार लावलं आणि त्या पोच्यावर थाप मारली.

"ही गाडी विकू नकोस, पोरा," म्हणाले, आणि आत गेले.

खिडकीजवळची जागा रिकामी होती. ऑरिनने गाडी सुरू केली नाही.

"मार्लिस... तिकडे जागा झालीय."

"दिसतंय मला," मी म्हणाले.

आणि सरकले नाही.